एकाच घरात एकच गेम दोनदा का उतरवायचा? लॅनवरून गेम शेअर करण्यामागची गोष्ट

आमच्या घरी दोन पीसी आहेत, एक माझा आणि एक धाकट्या भावाचा, आणि दोन्हींच्या मधे फक्त एक भिंत. तरी कित्येक वर्षं असं चालायचं की मी रात्रभर मशीन चालू ठेवून ८०-९० जीबीचा गेम उतरवायचो आणि दुसऱ्या दिवशी तो तोच गेम पुन्हा पहिल्यापासून कंपनीच्या सर्व्हरवरून उतरवायचा. राउटर तोच, कनेक्शन तेच, फाईल पण तीच. मग २०२३ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने स्टीममध्ये, म्हणजे गेम विकत घेऊन उतरवायच्या त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये, लॅनवरून (घरातल्या घरातल्या नेटवर्कवरून) चालणारं लोकल नेटवर्क गेम ट्रान्सफर आणलं, आधी फेब्रुवारीत बीटामध्ये म्हणजे चाचणी म्हणून, नंतर सगळ्यांसाठी, म्हणजे घरातल्या एका पीसीवर गेम असेल तर दुसरा तो सरळ तिथूनच ओढून घेतो, बाहेरचं नेट जवळजवळ वापरलंच जात नाही. पहिल्यांदा चालवून बघितलं तेव्हा मला खरंच प्रश्न पडला की वायर तर घरात कधीपासून पडलीय, मग एवढ्या साध्या गोष्टीला स्टीम सुरू झाल्यापासून वीस वर्षं का लागली? त्याचं उत्तर शोधायचं तर बरंच मागे जावं लागतं.

इंटरनेट घरात यायच्या आधीपासून लोक दोन कॉम्प्युटर वायरीने जोडून फाईली हलवत होते. लॅपलिंक नावाचं सॉफ्टवेअर १९८३ चं, सिरीयल नाहीतर पॅरलल केबल लावायची आणि फाईल इकडून तिकडे. १९९३ च्या एमएस-डॉस ६ मध्ये तर मायक्रोसॉफ्टने इंटरलिंक नावाने हीच सोय सोबतच देऊन टाकली. त्याच वर्षी १० डिसेंबरला डूम हा गोळीबाराचा गेम आला आणि खेळणाऱ्यांच्या जगात घरगुती नेटवर्कचं वेड इथूनच पसरलं असं माझं मत आहे. चार जण आयपीएक्स या तेव्हाच्या पद्धतीच्या नेटवर्कवर एकत्र खेळू शकायचे, आणि पहिला भाग शेअरवेअर, म्हणजे कॉपी करून मित्राला द्या असं बनवणारेच सांगत होते, दोन फ्लॉपीत मावायचा. सुरुवातीच्या व्हर्जनमध्ये गेमचे पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, नेटवर्कवरच्या प्रत्येक मशीनला जायचे त्यामुळे ऑफिसची आणि कॉलेजांची नेटवर्क तुंबायला लागली, काही ठिकाणी डूमवर बंदीच आली, आणि पुढे पॅच काढून ते सुधारावं लागलं.

तेव्हाचं नेटवर्क म्हणजे काळी कोअॅक्स केबल, प्रत्येक मशीनला टी-कनेक्टर, दोन्ही टोकांना ५० ओहमचा टर्मिनेटर आणि वेग सगळ्यांत मिळून १० एमबीपीएस. एकाने पाय लागून टर्मिनेटर पाडला की सगळ्यांचं बंद. पण विंडोज ९५ आलं आणि नेटवर्क नेबरहुड उघडून दुसऱ्याच्या मशीनवरचा शेअर केलेला फोल्डर दिसायला लागला, ड्रॅग करा, झालं. ब्लिझार्ड या गेम कंपनीने तर १९९८ च्या स्टारक्राफ्टमध्ये स्पॉन नावाची सोय अधिकृतपणे दिली होती, एका मूळ सीडीवरून आठ जणांपर्यंत एकत्र खेळता यायचं, बाकीच्यांकडे गेमची मर्यादित कॉपी. मला ही फार उमदी कल्पना वाटते, कारण कंपनीने मान्य केलं होतं की मित्र एका खोलीत जमले की प्रत्येकाकडे सीडी असणार नाही. त्याच गेमचा दुसरा भाग २०१० मध्ये आला तेव्हा त्यात लॅनवर खेळायची सोयच नव्हती, आणि त्याचं वाईट मला आजही वाटतं.

आपल्याकडे हे सगळं थोडं उशिरा आणि सायबर कॅफेच्या वाटेने आलं. २००३-०४ ला आमच्या गावातल्या कॅफेत दहा मशीन, मधे त्यांना जोडणारा एक नेटवर्क स्विच, आणि काउंटरवरच्या मशीनमधून काउंटर-स्ट्राइकचा फोल्डर उचलून दहाही मशीनवर कॉपी. फोल्डर टाकला की गेम चालू. परवाना वगैरे कुणी विचारायचं नाही, ते चुकीचंच होतं, पण आमच्या पिढीने लॅनवरून गेम कॉपी होतो ही गोष्ट तिथेच शिकली हे खरं. घरी नेट म्हणजे काय तर २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं होतं, म्हणजे सेकंदाला जेमतेम ३२ केबी (लाईनचा वेग बिटमध्ये मोजतात, फाईल बाइटमध्ये, आणि आठ बिटांचा एक बाइट). बीएसएनएलच्या प्लॅनमध्ये रात्री २ ते सकाळी ८ अनलिमिटेड असायचं ते आठवत असेलच बऱ्याच जणांना, अलार्म लावून उठायचं आणि डाऊनलोड सुरू करून परत झोपायचं. २५६ च्या वेगाने त्या सहा तासांत हिशोबाने ६९० एमबी येतात, म्हणजे रात्रीला एक सीडी. अशा वेळी घरात किंवा मित्राकडे जे एकदा आलंय ते पुन्हा उतरवणं म्हणजे पाप होतं.

हॉस्टेलमध्ये मग डीसी++ होतं, आपापसांत फाईली शेअर करायचं सॉफ्टवेअर. मूळ डायरेक्ट कनेक्ट १९९९ चं, डीसी++ २००१ चं, आणि आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या हॉस्टेलांत ते असं रुजलं की विचारू नका. एकाच्या मशीनवर हब, बाकीचे सगळे त्याला जोडलेले, प्रत्येकाने थोडं तरी शेअर केलंच पाहिजे नाहीतर हबमध्ये एंट्री नाही. बाहेरचं नेट रडत असायचं आणि आत लॅनवर १० एमबी सेकंदाला सुटायची. या डीसी++ मध्ये पुढे एक गोष्ट आली ती या सगळ्या इतिहासात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती म्हणजे टीटीएच, फाईलच्या आतल्या मजकुरावरून काढलेला हॅश, फाईलच्या बोटाच्या ठशासारखा एक आकडा. नाव काहीही असू दे, हॅश जुळला की फाईल तीच, आणि तुकडे चार वेगवेगळ्या मुलांकडून घेतले तरी शेवटी बरोबर जुळतात. त्याआधी मित्राकडून आणलेला गेम शेवटच्या लेव्हलला करप्ट निघायचा, किंवा त्यात व्हायरस निघायचा, आणि कळायला मार्ग नसायचा.

आता स्टीमकडे येऊ. स्टीमची घोषणा २००२ ची, सुरू झालं १२ सप्टेंबर २००३ ला, आणि २००४ च्या नोव्हेंबरमध्ये हाफ-लाईफ २ सीडी घेतली तरी स्टीमशिवाय चालेना तेव्हा लोक चिडले होते. पण त्यात एक मोठा बदल होता तो तेव्हा फारसा कुणी बोलून दाखवला नाही: गेमची फाईल आणि गेम खेळायचा हक्क या दोन गोष्टी पहिल्यांदा नीट वेगळ्या झाल्या. सीडीच्या काळात ज्याच्या हातात सीडी (किंवा तिची कॉपी) त्याच्या हातात गेम. आता हक्क तुमच्या अकाउंटला चिकटला, फाईल कुठून का आली असेना. म्हणजे खरं तर त्याच दिवसापासून शेजारच्या मशीनवरून फाईल घ्यायला तत्त्वतः काही अडचण उरली नव्हती. उरला होता तो भरवशाचा प्रश्न, की शेजारच्या मशीनवरून आलेली फाईल जशीच्या तशी आहे, कुणी मधे काही घुसडलेलं नाही, हे ओळखायचं कसं.

मधली वर्षं लोकांनी जुगाड करून काढली. स्टीममध्येच बॅकअपची सोय होती, गेमचे सीडी किंवा डीव्हीडीच्या आकाराचे तुकडे करून द्यायची, ते हार्डडिस्कवर घेऊन दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करायचं. नाहीतर सरळ स्टीमअॅप्समधला गेमचा फोल्डर पेनड्राइव्हने नेऊन टाकायचा आणि इन्स्टॉल दाबायचं, मग स्टीम आहेत त्या फाईली तपासून उरलेलंच उतरवतं. मी हे इतक्या वेळा केलंय की मोजदाद नाही. ब्लिझार्डने वेगळा रस्ता धरला होता, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचे पॅच त्यांच्या डाऊनलोडरमधून बिटटोरंटच्या पद्धतीने खेळाडूंच्याच मशीनवरून एकमेकांना जायचे, पण ते बाहेरच्या इंटरनेटवर.

२०१३ च्या सुमारास व्हॉल्व्हने आपले जुने गेम स्टीमपाइप नावाच्या नव्या पद्धतीवर हलवले आणि इथे पाया घातला गेला. गेमचे साधारण १ एमबीचे तुकडे, प्रत्येक तुकड्याचा हॅश, आणि कुठला तुकडा कुठे बसतो याची यादी म्हणजे मॅनिफेस्ट. तुकडे आतून एन्क्रिप्ट केलेले, त्यामुळे ते साध्या एचटीटीपीवरून, म्हणजे वेबपानं ज्या उघड्या पद्धतीने येतात तिच्यावरून, पाठवले तरी चालतात. आणि साधं एचटीटीपी म्हटल्यावर मोठ्या लॅन पार्ट्या भरवणाऱ्यांचे डोळे चमकले, कारण हजार पोरं एका हॉलमध्ये आणि सगळ्यांना एकाच वेळी तोच अपडेट हवा, बाहेरची लाईन किती मोठी घेणार? इंग्लंडमधल्या मल्टिप्ले या लॅन पार्ट्या भरवणाऱ्या कंपनीच्या लोकांनी एनजिनएक्स हे सर्व्हर सॉफ्टवेअर वापरून कॅशे, म्हणजे एकदा आलेला डेटा जपून ठेवणारा मधला सर्व्हर, बांधला आणि २०१४ मध्ये तो कसा बांधायचा हे खुलेपणाने लिहून टाकलं. त्यातून पुढे लॅनकॅश हा प्रोजेक्ट उभा राहिला, जो आज कुणीही घरी जुन्या पीसीवर डॉकर या सॉफ्टवेअरमध्ये चालवू शकतो. युक्ती साधी आहे, डीएनएसला, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेला, सांगायचं की स्टीमच्या सर्व्हरचा पत्ता म्हणजे आपला हा घरातलाच डबा, पहिल्यांदा मागितलेला तुकडा तो बाहेरून आणून जपून ठेवतो आणि दुसऱ्यांदा मागितला की घरातूनच देतो. व्हॉल्व्हने याला विरोध केला नाही, उलट स्टीम क्लायंट आता स्वतःहून लॅनकॅश आहे का ते विचारतो.

बाकीचेही हळूहळू त्याच दिशेने आले. जुलै २०१५ च्या विंडोज १० मध्ये डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन होतं, एका पीसीने आणलेला अपडेट दुसऱ्याला द्यायचा, पण होम आणि प्रोमध्ये ते सुरुवातीला बाहेरच्या अनोळखी पीसींनाही अपलोड करायचं म्हणून लोक भडकले, आणि मर्यादित डेटावाल्यांचं भडकणं मला तरी पूर्ण पटतं. २०१६ मध्ये पीएस४ या गेमिंग कन्सोलवरून पीएस४ प्रोवर लॅन केबलने सगळं हलवता यायला लागलं, २०१७ मध्ये एक्सबॉक्स वनमध्ये नेटवर्क ट्रान्सफर आलं. स्टीमला खरा धक्का बहुतेक स्टीम डेकने, म्हणजे व्हॉल्व्हच्याच हातात धरून खेळायच्या पीसीने, दिला असावा, तो फेब्रुवारी २०२२ मध्ये बाजारात आला, तेव्हाच्या सगळ्यात स्वस्त मॉडेलला ६४ जीबी जागा, म्हणजे सतत एक गेम काढा दुसरा टाका, आणि मोठा पीसी तर शेजारीच बसलेला असतो.

२०२३ च्या सोयीत हे सगळे धागे एकत्र आलेत. कुठले तुकडे हवेत याची यादी स्टीमकडूनच येते, प्रत्यक्ष डेटा शेजारच्या पीसीवरून, आणि तो हॅश लावून तपासला जातो. हक्क मात्र ज्याच्या त्याच्या अकाउंटलाच, गेम विकत घेतलेला नसेल तर फाईल आली तरी चालणार नाही. मुळात फक्त तुमच्याच अकाउंटच्या दोन मशीनमधे चालतं, पण सेटिंगमध्ये जाऊन मित्रांना किंवा नेटवर्कवरच्या कुणालाही परवानगी देता येते. भावाचं अकाउंट वेगळं आहे म्हणून मला मित्रांचा पर्याय लावावा लागला, दोघांच्याही मशीनवर. देणाऱ्या मशीनवर कुणी गेम खेळत असेल तर ट्रान्सफर थांबतं आणि स्टीम आपोआप नेटवरून घ्यायला लागतं, त्यामुळे खेळणाऱ्याचा गेम अडखळत नाही. गेस्ट वायफायवर असाल तर मात्र मशीन एकमेकांना दिसणारच नाहीत, बरेच राउटर तिथे मुद्दाम भिंत घालतात.

आकड्यात सांगतो. १०० जीबीचा गेम ४० एमबीपीएसच्या लाईनवर साडेपाच तास घेतो, गिगाबिट (म्हणजे १००० एमबीपीएसच्या) लॅनवर सगळं नीट असेल तर पंधरा-वीस मिनिटं. माझ्याकडे मात्र पहिल्या दिवशी वेग सेकंदाला ११ एमबीच्या वर जाईना, म्हणजे तोच गेम अडीच तास. राउटर गिगाबिट, दोन्ही मशीन गिगाबिट, मग अडकतंय कुठे ते दोन दिवस कळेना. शेवटी भिंतीतून गेलेल्या केबलचं टोक काढून बघितलं तर केबल टाकणाऱ्याने आठपैकी चारच तारा क्रिम्प केल्या (कनेक्टरमध्ये दाबून बसवल्या) होत्या, १०० एमबीपीएसला तेवढ्या पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. बाजारातून दोन नवीन कनेक्टर आणले, मित्राचा क्रिम्पर आणला, दोन्ही टोकं आठ तारांनी पुन्हा बांधली. त्या रात्री भावाच्या स्क्रीनवर आकडा सेकंदाला १०८ एमबीवर गेला आणि त्याचा चहा संपायच्या आत अर्धा गेम उतरला होता.