केशलेप, वनस्पतिचूर्णांचा

वनस्पतींची पाने, फळे, शेंगा, फुले किंवा मुळे वाळवून त्यांची वस्त्रगाळ पूड करणे, ती पाण्यात भिजवून केसांवर ठरावीक वेळ थापून ठेवणे आणि त्यायोगे केसांचा पोत सुधारून त्यांना सौम्य रंगछटा देणे, या पद्धतीला वनस्पतिचूर्णांचा केशलेप म्हणतात. मेंदी, नीळ आणि सोनामुखीच्या प्रजातीतील काही वनस्पती रंगासाठी, आवळकाठी, माका, ब्राह्मी, जास्वंद व मेथी पोतासाठी, तर शिकेकाई आणि रिठा केस धुण्यासाठी, अशी या चूर्णांची ढोबळ विभागणी केली जाते. ही विभागणी सोयीपुरतीच खरी आहे. रंग देणारी मेंदी केसाच्या पोतातही सर्वांत ठळक बदल घडवते आणि पोतासाठी घातलेली आवळकाठी रंगाची छटा बदलते. रंग आणि पोत यांवर एकाच लेपाने एकाच वेळी होणारा परिणाम हेच या पद्धतीचे वैशिष्ट्य असून, ते लक्षात न घेता चूर्णे मिसळल्यास अपेक्षाभंग होतो.

केस आणि रंग : केसाचा दिसणारा भाग मृत असतो. त्याच्या बाहेरच्या आवरणात कौलांप्रमाणे एकमेकांवर बसलेल्या चपट्या पेशी असतात आणि आतील गाभा केराटिन या प्रथिनाच्या तंतूंचा बनलेला असतो. नैसर्गिक रंग देणारे मेलॅनिन या गाभ्यात विखुरलेले असते. बाजारातील कायमस्वरूपी रासायनिक रंगांत अमोनियासारखा अल्कधर्मी पदार्थ बाहेरच्या पेशी फुलवतो, हायड्रोजन पेरॉक्साइड मेलॅनिनचे विरंजन (ब्लीचिंग) करते आणि नवा रंग केसाच्या आत तयार होतो. वनस्पतिचूर्णांत विरंजन करणारे काहीच नसते. म्हणून कोणत्याही शुद्ध वनस्पतिचूर्णाने केस मूळ रंगापेक्षा फिके होत नाहीत. असलेल्या रंगावर एक पारदर्शक छटा चढते, इतकेच. एकच पातळ शाई पांढऱ्या आणि तपकिरी कागदावर जशी वेगळी दिसते, तसाच एकच लेप दोन व्यक्तींच्या केसांवर वेगळा दिसतो. काळ्याभोर केसांवर मेंदीचा तांबूसपणा उन्हातच जाणवतो, तपकिरी केसांवर तो लालसर झाक देतो आणि पूर्ण पांढऱ्या केसांवर मात्र केशरी होऊन उठून दिसतो. केस थोडेच पिकलेले असतील, तर पांढरे केस रंगीत बटांसारखे दिसतात व उरलेले जवळजवळ जसेच्या तसे राहतात. ज्यांना पिकलेले केस पूर्ण झाकायचे नसून गडद केसांत मिसळून टाकायचे असतात, त्यांना ही मर्यादा उपयोगीच पडते.

मेंदी : मेंदीच्या (लॉसोनिया इनर्मिस) पानांतील रंगद्रव्याला लॉसोन म्हणतात. रसायनशास्त्राच्या भाषेत ते २-हायड्रॉक्सी-१,४-नॅप्थोक्विनोन असून त्याचे रेणुसूत्र सी१०एच६ओ३ असे आहे. वाळलेल्या पानांत त्याचे प्रमाण साधारणतः एक टक्क्याच्या आसपास असते आणि वाण, हवामान व तोडणी यांनुसार ते कमीजास्त होते. पानात ते मोकळ्या स्वरूपात नसते. शर्करेशी बांधलेल्या पूर्वद्रव्यांपासून ते पाण्यात हळूहळू सुटे होते, आणि ‘मेंदी भिजवून ठेवणे’ या पायरीला अर्थ आहे तो यामुळेच. सौम्य आम्लात ही क्रिया सावकाश पण अधिक चांगली होते. उबदार जागी काही तासांत, तर थंड जागी रात्रभरात लेप तयार होतो. वरचा थर तपकिरी पडला आणि आत हिरवा रंग कायम राहिला, की रंग सुटल्याची खूण मिळते. लिंबाचा रस भरपूर घालण्याची सवय मात्र सोडावी. रंग सुटण्यासाठी इतके आम्ल लागत नाही आणि कोरड्या टाळूला त्याने खाज सुटते.

सुटे झालेले लॉसोन केसात शिरून केराटिनमधील अमिनो आणि गंधकयुक्त गटांशी रासायनिक बंधाने जोडले जाते. म्हणूनच मेंदीचा रंग धुतल्याने निघून जात नाही. काही कच्चा रंग पहिल्या एकदोन धुण्यांत जातो, उरलेला केस कापेपर्यंत टिकतो. धुतल्याबरोबर भडक केशरी दिसणारा रंग हवेतील ऑक्सिजनच्या संपर्कात दोनतीन दिवसांत गडद व शांत होत जातो. पहिल्या दिवशीचा रंग पाहून घाबरून लगेच दुसरे काही लावणे ही नवशिक्यांची सर्वांत सामान्य चूक आहे. रंगाबरोबरच केस किंचित जाड, घट्ट व चकचकीत वाटतात. बारीक, मऊ केसांना याचा विशेष लाभ होतो. वारंवार संपूर्ण लांबीवर मेंदी लावल्यास मात्र थरावर थर चढून टोके काळपट आणि राठ होतात, कुरळ्या केसांचे वळणही काहीसे सैल पडते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. त्यामुळे पहिल्या वेळेनंतर फक्त मुळांशी वाढलेल्या भागावर लेप लावणे शहाणपणाचे ठरते.

नीळ : केसांसाठी वापरतात ती नीळ म्हणजे इंडिगोफेरा टिंक्टोरिया या शिंबावंत वनस्पतीच्या पानांची हिरवी पूड होय. कापडासाठी तयार केलेली निळी वडी किंवा पांढऱ्या कपड्यांना देण्याची नीळ या कामाची नाही. हा घोटाळा नावामुळे होतो आणि तो टाळणे अत्यंत आवश्यक आहे. पानात निळा रंग नसतोच. इंडिकॅन नावाचे रंगहीन द्रव्य असते, पाण्यात भिजताच पानातील विकर (एन्झाइम) त्याचे विघटन करून इंडॉक्सिल मोकळे करते आणि इंडॉक्सिलचे दोनदोन रेणू हवेत एकत्र येऊन अविद्राव्य, म्हणजे पाण्यात न विरघळणारा, निळा रंग बनतो. अविद्राव्य झालेला रंग केसात शिरू शकत नाही. म्हणून नीळ मेंदीसारखी रात्रभर भिजवून चालत नाही. कोमट पाण्यात कालवून दहापंधरा मिनिटांत ती लावायला घ्यावी लागते. उकळते पाणी विकर निकामी करते आणि आम्ल या क्रियेत अडथळा आणते, त्यामुळे दोन्ही वर्ज्य आहेत.

एकटी नीळ पांढऱ्या केसांवर निळसर किंवा हिरवट दिसते. मेंदीच्या केशरी रंगावर ती बसली, की तपकिरी ते काळा असे रंग मिळतात. तपकिरीसाठी भिजलेली मेंदी आणि ताजी कालवलेली नीळ लावण्याच्या क्षणी एकत्र करतात. मेंदीचा हिस्सा अधिक असल्यास लालसर, निळीचा अधिक असल्यास गडद तपकिरी छटा येते. काळ्यासाठी मात्र आधी मेंदी, ती धुतल्यावर नीळ असे दोन टप्पेच विश्वासार्ह आहेत. लेप काढल्यावर केसांवर हिरवट झाक दिसते व ती एकदोन दिवसांत काळवंडते. तोवर शाम्पू वापरू नये. नीळ मेंदीइतकी घट्ट धरत नाही, विशेषतः कपाळाजवळच्या चिवट पांढऱ्या केसांवरून ती लवकर उतरते आणि खालची मेंदी उघडी पडते.

सौम्य छटा देणारी चूर्णे : सेना इटालिका या सोनामुखीच्या बहीण-वनस्पतीची पाने ‘रंगहीन मेंदी’ या नावाने विकली जातात. मेंदीशी तिचा वनस्पतिशास्त्रीय संबंध नाही आणि ती पूर्णपणे रंगहीनही नाही. तिच्यातील क्रायसोफॅनॉल व तत्सम पिवळी द्रव्ये पांढऱ्या व फिक्या केसांना सोनेरी झाक देतात. गडद केसांवर ती फक्त चकाकी आणते, रंग दिसत नाही. मेंदीचा भडकपणा नको असेल, तर चार भाग या पुडीत एक भाग मेंदी मिसळल्यास पांढऱ्या केसांवर तांबूस सोनेरी रंग येतो. हलकी छटा मिळवण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे. मेंदी फक्त अर्धा तास ठेवून छटा हलकी करण्याचा प्रयत्न बहुधा ठिपकेदार रंगात संपतो. वेळ कमी करण्यापेक्षा प्रमाण कमी करणे अधिक भरवशाचे. रेवंदचिनीच्या मुळांतही क्रायसोफॅनॉल असते. मंजिष्ठेच्या मुळांतील लाल रंग तुरटीसारख्या रंगबंधकाशिवाय केसांवर जेमतेमच धरतो. अक्रोडाच्या हिरव्या टरफलातील जुग्लोन हे लॉसोनचेच समघटक (रेणुसूत्र तेच, रचना वेगळी) असून तपकिरी रंग देते, परंतु ते त्वचेला झोंबते. रतनजोतीचा लाल रंग पाण्यात उतरतच नाही, तेलात उतरतो, त्यामुळे लेपात ती घालणे व्यर्थ आहे.

आवळकाठी, कात व तत्सम द्रव्यांतील टॅनिने, म्हणजे तुरट चवीची संयुगे, स्वतः फारसा रंग देत नाहीत, पण लोहाशी संयोग होताच निळसर काळी संयुगे बनवतात. जुन्या हस्तलिखितांची काळी शाई याच संयोगातून होत असे. लोखंडी कढईत भिजवलेल्या मेंदीला गडद रंग येतो, त्याचेही कारण हेच. हा रंग वरवरचा असल्याने हळूहळू उतरतो. असा लेप लावलेल्या केसांत लोहाचा अंश राहतो, ही गोष्ट पुढे विरंजन करून घेणाऱ्याने सांगायला हवी, कारण लोहामुळे पेरॉक्साइडचे विघटन वेगाने होते. कढई न वापरताही आवळकाठीचा आम्लधर्म मेंदीचा भगवेपणा दबवतो आणि कुरळ्या केसांचे वळण टिकण्यास मदत करतो.

पोत : जास्वंदीची पाने-फुले आणि मेथी यांत बुळबुळीत शर्करायुक्त पदार्थ असतात. ते केसांभोवती पातळ पटल धरतात, घर्षण कमी करतात, म्हणून गुंता सहज सुटतो. शिकेकाईच्या शेंगा व रिठ्याच्या फळांची साल यांत सॅपोनिने असून ती पाण्यात फेस करून तेल व मळ सोडवतात. शिकेकाईचे पाणी सौम्य आम्लधर्मी असल्याने केसाचे आवरण मिटलेले राहते. रिठा अधिक जोरदार आहे आणि कोरड्या केसांना तो एकटा वापरू नये. दोन्ही डोळ्यांना तीव्र झोंबतात. नागरमोथा, वाळा, गव्हला कचोरा ही द्रव्ये प्रामुख्याने सुगंधासाठी घालतात. माका आणि ब्राह्मी यांच्याविषयी केस वाढवण्याचे व पिकणे थांबवण्याचे मोठे दावे केले जातात. लेप केसाच्या मृत भागावर काम करतो. केस पांढरा होतो तो मुळाशी असलेल्या कोशात मेलॅनिन बनणे थांबल्यामुळे, आणि वरून लावलेली पूड ते पुन्हा सुरू करते असे मानण्यास आधार नाही. या चूर्णांचे खरे गुण पुरेसे मोलाचे आहेत, त्यांना असल्या दाव्यांची गरज नाही.

कृती : १०० ग्रॅम मेंदीला साधारण ३०० मिलिलिटर पाणी लागते. लेप चमच्यावरून सावकाश घसरेल इतपत दाट असावा. केस आधी धुऊन तेल काढलेले असावेत, कारण तेलाचा थर रंगाला अडवतो. भांग पाडत बटाबटांनी मुळांपासून लेप थापावा आणि तो वाळू नये म्हणून डोके झाकावे, कारण वाळलेल्या लेपातून रंग केसात जात नाही व तो धुणेही कठीण होते. मेंदी दोन ते चार तास, नीळ एक ते दोन तास आणि केवळ पोतासाठीची चूर्णे अर्धा-पाऊण तास ठेवणे पुरते. विंचरताना गळालेल्या केसांची जुडी करून तिच्यावर आधी चाचणी घेणे हा नियम कोणीही मोडू नये. काही तासांच्या कंटाळ्याने कित्येक महिन्यांची अडचण टळते.

शुद्धता आणि सुरक्षितता : पुडीवर ‘मेंदी’ लिहिलेले असले, तरी आत फक्त मेंदी असेलच असे नाही. मेंदीपासून एका टप्प्यात काळा रंग मिळत नाही. तसे आश्वासन देणाऱ्या पुडीत एकतर नीळ असते किंवा पॅरा-फेनिलिनडायअमाइन हा कृत्रिम रंग. या दुसऱ्या द्रव्याची एकदा ॲलर्जी झाली, की ती सहसा आयुष्यभर राहते आणि चेहरा सुजण्यापर्यंत प्रतिक्रिया जाऊ शकते. लाल पुड्यांत सोडियम पिक्रामेट हा कृत्रिम रंग, तर काही जुन्या पद्धतीच्या मिश्रणांत धातूंचे क्षार आढळतात. धातूंच्या क्षारांवर पेरॉक्साइड पडल्यास केस तापून तुटू शकतात. शुद्ध नीळ लावलेल्या केसांना हा धोका नसतो, पण त्यांचे विरंजन केल्यास हिरवा रंग उरतो.

युरोपीय संघाच्या ग्राहक सुरक्षाविषयक वैज्ञानिक समितीने २०१३ मध्ये १.४ टक्क्यांपर्यंत लॉसोन असलेली मेंदीची पूड केस रंगवण्यासाठी सुरक्षित असल्याचे मत दिले. अमेरिकेत मेंदीला केवळ केसांसाठी मान्यता असून पापण्या व भुवया त्यातून वगळल्या आहेत. ‘जी६पीडी’ या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांत लॉसोनमुळे तांबड्या रक्तपेशी फुटण्याचा धोका असतो व लहान मुलांत अशा गंभीर घटना नोंदल्या गेल्या आहेत. त्यामुळे तान्ह्या बाळांना मेंदी लावणे टाळावे. शुद्ध चूर्णांची ॲलर्जी विरळ असली, तरी कोपराच्या आतील बाजूला थोडा लेप लावून ४८ तास वाट पाहावी. कोरडी पूड चाळताना नाकतोंड झाकावे, कारण रोज मेंदी हाताळणाऱ्या केशरचनाकारांत तिच्या धुळीने दमा झाल्याचे आढळले आहे.

ताज्या मेंदीची पूड हिरवी असते आणि तिला वाळलेल्या गवतासारखा वास येतो. जुनी पूड तपकिरी पडते, तिचा रंगही उतरलेला असतो. केवळ हिरवेपणावर मात्र विसंबू नये, कारण तो वरून मिसळलेल्या रंगाचाही असू शकतो. चिमूटभर पूड पाण्यात ढवळल्यास वाळू तळाशी बसते आणि वरून घातलेला हिरवा रंग लगेच पाण्यात उतरतो. चूर्णे उजेड व ओल यांपासून दूर, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत. भिजवून उरलेली मेंदी बर्फाच्या कप्प्यात गोठवून काही महिने टिकते. कालवलेली नीळ मात्र त्याच दिवशी, किंबहुना त्याच तासात, संपवावी लागते.