काळी पडली म्हणून चांदी खोटी नसते

काळं पडलेलं पैंजण गल्ल्यावर ठेवून गिऱ्हाईक म्हणतं, ‘चांदी खोटी निघाली.’ कुणी म्हणतं, अंगात उष्णता आहे म्हणून काळं झालं. हुपरीसारख्या चांदीच्या गावातही हे ऐकावं लागतं, आणि घडवणाऱ्याच्या जिवाला ते लागतं.

खरं असं आहे की हवेतल्या, घामातल्या गंधकाशी चांदीचा संयोग होतो आणि पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर बसतो. अगदी शुद्ध चांदीही काळवंडते. शुद्ध चांदी मऊ असते, रोजच्या वापरात वाकते, म्हणून ९२.५ टक्के चांदीत बाकी बहुधा तांबं घालतात. ही फसवणूक नव्हे, फक्त तांब्यामुळे काळेपणा थोडा लवकर येतो. उलट वर्षानुवर्षं लख्ख राहणाऱ्या दागिन्यावर बहुतेकदा ऱ्होडियम या न काळवंडणाऱ्या धातूचा मुलामा असतो.

घरी करून बघा. भांड्यात अॅल्युमिनियमची फॉइल अंथरा, त्यावर पैंजण ठेवा, खायचा सोडा टाकून कढत पाणी ओता. कुजक्या अंड्यासारखा किंचित वास येईल. तो गंधक सुटल्याचा. काही मिनिटांत पैंजण उजळतं. खड्यांचे किंवा मुद्दाम काळपट ठेवलेले दागिने मात्र यात घालू नका. शुद्धतेची शंका असेल तर हॉलमार्क बघा किंवा कस लावून घ्या. रंगावरून कारागिराला खोटं ठरवू नका.