किकुयू मुलींचे वयात येणे आणि शाळा : वसाहतकालीन केनियातील वादाची पार्श्वभूमी

मध्य केनियाच्या डोंगराळ भागातील किकुयू समाजात, ब्रिटिश अमलाच्या पहिल्या काही दशकांत, मुलीने वयात येणे आणि तिने शाळेत जाणे हे एकाच वादाचे दोन भाग होऊन बसले होते. या वादात मिशनरी बोलले, राजकीय पुढारी बोलले, लंडनच्या संसदेतही चर्चा झाली. जिच्याविषयी हे सारे चालले होते तिला मात्र फार क्वचित विचारले गेले. मुलींच्या शिक्षणाचा इतिहास वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते.

‘इरुआ’ हा किकुयूंचा दीक्षाविधी. मुलींचा इरुआ साधारणपणे पहिली पाळी येण्याआधी होई आणि त्यात जननेंद्रियाचा काही भाग कापला जाई. विधीच्या निमित्ताने थोरल्या बायका गाण्यांतून आणि उपदेशातून मुलीला शरीराविषयी, संसाराविषयी, वडीलधाऱ्यांशी कसे वागावे याविषयी शिकवत. बरोबर दीक्षा घेतलेल्या मुलींचा गट, म्हणजे ‘रीका’, पुढे आयुष्यभर सोबत करी. कापण्याने होणाऱ्या यातना आणि बाळंतपणातले धोके खरेच होते. पण दीक्षा न घेतलेली मुलगी समाजाच्या लेखी मोठी होतच नसे आणि तिचे लग्न जमणे अवघड जाई, हेही तेवढेच खरे होते.

स्कॉटिश चर्चच्या मिशनने थोगोटो आणि टुमुटुमु येथे शाळा आणि दवाखाने उघडले, तर किजाबे येथे अमेरिकी मिशनऱ्यांच्या आफ्रिका इनलँड मिशनने. नको असलेल्या लग्नातून किंवा विधीतून सुटण्यासाठी काही मुली पळून मिशनच्या आश्रयाला येत. तेथे त्यांना बायबल, लिहिणे-वाचणे, शिवण आणि घरकाम शिकवले जाई. ख्रिस्ती शिक्षकाची किंवा धर्मोपदेशकाची नीटनेटकी पत्नी तयार व्हावी, ही त्यामागची अपेक्षा होती.

१९२९ मध्ये मिशनने कठोर पवित्रा घेतला. स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन आर्थर यांच्या पुढाकाराने चर्चचे सभासद आणि शिक्षक यांच्याकडून एक प्रतिज्ञा मागितली गेली : मुलींची सुंता सोडायची आणि किकुयू सेंट्रल असोसिएशन या राजकीय संघटनेशी संबंध तोडायचा. सही येत नसेल त्याने अंगठा उठवायचा. धार्मिक बंदी आणि राजकीय बंदी एकाच कागदावर आणण्याची ही चूक मिशनला फार महागात पडली. गोऱ्या वसाहतवाल्यांनी किआंबूच्या आसपासच्या सुपीक जमिनी आधीच घेतल्या होत्या, आणि सुंता न झालेल्या मुलींशी लग्ने करून गोरे उरलेली जमीनही गिळतील, अशी अफवा लोकांत पसरली होती. आज ती विचित्र वाटेल, पण ज्यांनी डोळ्यांदेखत जमीन गमावली होती त्यांना ती पटण्याजोगी होती. अंगठा न देणाऱ्या शिक्षकांना कामावरून काढले गेले, बहुसंख्य सभासदांनी चर्च सोडले, वर्ग ओस पडले. मिशनऱ्यांची आणि अधिकाऱ्यांची खिल्ली उडवणारे ‘मुथिरिगु’ हे नृत्यगीत गावोगाव घुमू लागले आणि १९३० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. त्याच वर्षाच्या जानेवारीत किजाबे येथे हुल्डा स्टम्फ या वृद्ध मिशनरी बाईंचा खून झाला.

या फुटीतून किकुयूंच्या स्वतःच्या शाळा उभ्या राहिल्या. किकुयू इंडिपेंडंट स्कूल्स असोसिएशन आणि अधिक कडवी कारिंगा संघटना यांनी पालकांच्या वर्गणीतून आणि श्रमातून शाळा बांधल्या. १९३९ मध्ये गिथुंगुरी येथे अम्बियू कोइनांगे यांनी अध्यापक महाविद्यालय सुरू केले. तेथील मुलींच्या वसतिगृहासाठी बायकांनी पैसे जमवले. माऊ माऊ या वसाहतविरोधी उठावामुळे १९५२ मध्ये पुकारलेल्या आणीबाणीनंतर सरकारने या शाळांना टाळे ठोकले.

माझ्या दृष्टीने या साऱ्या काळातला सर्वांत मोलाचा कागद टुमुटुमुच्या परिसरातला आहे. ‘न्गो या तुइरितु’, म्हणजे मुलींची ढाल, या नावाने एकत्र आलेल्या ख्रिस्ती स्त्रियांनी १९३१ च्या डिसेंबरात दक्षिण न्येरीच्या स्थानिक परिषदेला पत्र लिहिले. ज्या पुरुषांना बाळंत व्हावे लागत नाही, वेणा सोसाव्या लागत नाहीत, ते या विषयावर बोलतात याचे आम्हाला आश्चर्य वाटते, असे त्यांनी म्हटले. मेंढरे धरावीत तशा मुली धरल्या जातात, असेही त्यांनी लिहिले. सुंता करून घ्यायची की नाही हे जिचे तिने ठरवावे, ही त्यांची मागणी होती. मिशनच्या आणि असोसिएशनच्या भांडणात इतके सरळ बोलणे दुसऱ्या कोणी केल्याचे दिसत नाही.

माध्यमिक शिक्षणाची वाट तर मुलींसाठी फारच उशिरा उघडली. मुलांसाठी अलायन्स हायस्कूल १९२६ मध्ये निघाले; शेजारीच आफ्रिकी मुलींचे हायस्कूल निघायला १९४८ उजाडले. पुढे नोबेल शांतता पुरस्कार मिळालेल्या, न्येरीजवळच्या इहिथे गावच्या वांगारी माथाई (जन्म १९४०) यांची शाळा सुरू झाली तीही घरात थोरल्या भावाने ‘वांगारी शाळेत का जात नाही?’ असे विचारल्यामुळे. पुढे त्या माथारीच्या कॅथलिक निवासी शाळेत गेल्या. कॅथलिक मिशनने १९२९ च्या प्रतिज्ञेत भाग घेतला नव्हता, पण तेथेही शिक्षणाची किंमत द्यावी लागेच : मातृभाषेत बोलताना सापडलेल्या मुलीला अपमानकारक मजकुराचा बिल्ला लावून वावरावे लागे.

माथाई लिमुरूच्या लोरेटो हायस्कूलमध्ये शिकत होत्या त्याच वर्षांत, माउंट केनियाच्या पलीकडच्या मेरू भागात, ‘न्जुरी न्चेके’ या पुरुषांच्या परिषदेने १९५६ मध्ये मुलींच्या सुंतेवर बंदी घातली. उत्तरादाखल मुलींनी दुकानातून दाढीची पाती विकत आणली आणि रानात जाऊन एकमेकींची सुंता केली. पुढच्या तीन वर्षांत बंदी मोडल्याबद्दल २,४०० हून अधिक मुली, बायका आणि पुरुषांवर आफ्रिकी न्यायालयांत खटले भरले गेले.