ब्रिजच्या व्यायामात भार कोणता स्नायू उचलतो?

पाठीवर झोपून, गुडघे दुमडून, तळपाय जमिनीवर ठेवून नितंब उचलण्याचा व्यायाम फिजिओथेरपिस्ट ‘ब्रिज’ या नावाने शिकवतात. आपल्या परिचयाच्या सेतुबंधासनाशी त्याचे साम्य असले, तरी आसनात पाठीला कमान देऊन छाती हनुवटीकडे आणली जाते, तर ब्रिजमध्ये खांद्यापासून गुडघ्यापर्यंत सरळ रेषा झाली की तिथेच थांबायचे असते.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण हा व्यायाम प्रामुख्याने ग्लुटियस मॅक्सिमससाठी आहे. नितंबातला हा स्नायू शरीरातील सर्वांत मोठा असून जिना चढताना, धावताना किंवा उकिडवे बसून उठताना मांडी मागे नेण्याचे काम मुख्यतः तोच करतो. सपाट रस्त्यावर संथ चालताना मात्र त्याला फारसा जोर लावावा लागत नाही. त्यामुळे दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांनी केवळ फेरफटक्यावर विसंबून राहू नये, असे मला वाटते. मांडी खुब्यातून सरळ रेषेच्या मागे थोडीच जाऊ शकते. त्यानंतरही नितंब वर रेटत राहिल्यास ती जास्तीची उंची कमरेच्या मणक्यांना मागे वाकवून मिळते आणि नितंबांचे काम कमरेवर पडते.

टाचा कुठे ठेवल्या आहेत, यावरही बरेच अवलंबून असते. मांडीच्या मागचे हॅमस्ट्रिंग स्नायू खुबा आणि गुडघा या दोन्ही सांध्यांवरून जातात. टाचा नितंबांजवळ घेतल्या की गुडघा अधिक दुमडतो, हे स्नायू आधीच आखूड होतात, आणि आखूड झालेल्या स्नायूतील तंतू एकमेकांवर इतके सरकलेले असतात की त्यांना पुरेसा जोर लावता येत नाही. साहजिकच भार नितंबांकडे जातो. उलट टाचा नितंबांपासून लांब ठेवल्या की भार हॅमस्ट्रिंगवर येतो; असा ब्रिज करणाऱ्यांच्या मांडीत मागच्या बाजूला गोळा येतो, तो बहुधा याच कारणाने.

उचलण्यापूर्वी श्वास सोडत पोट किंचित आत घ्यावे, कमरेखालची पोकळी जमिनीला टेकवावी आणि मग टाचांवर दाब देऊन सावकाश वर यावे. वर दोन-तीन सेकंद थांबताना नितंब घट्ट झालेले हाताला जाणवले पाहिजेत. या वेळी मल्टिफिडससारखे कण्यालगतचे स्नायू मणके न हलवता ताण धरून ठेवतात, आणि दैनंदिन व्यवहारात कमरेला हीच क्षमता अधिक उपयोगी पडते. खाली येतानाही अंग एकदम सोडू नये, कारण लांबत जाणारा स्नायू भार पेलत असतो आणि त्यातूनही त्याची ताकद वाढते. सुरुवातीला आठ ते बारा आवर्तने पुरेत. कळ पायात उतरत असेल किंवा पायाला बधिरपणा येत असेल, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय हा व्यायाम करू नये.

हे सहज जमू लागल्यावर एक पाय जमिनीवरून उचलून ब्रिज करता येतो. तेव्हा भार एकाच नितंबावर येतो आणि आधार नसलेल्या बाजूचा खुबा खाली झुकू पाहतो. दोन्ही खुबे समपातळीत राहत नसतील, तर काही आठवडे पुन्हा दोन्ही पायांवरच सराव करावा.