परड्यातल्या खोलीवर सोलर: हेस्कॉमकडे अर्ज कधी लागतो आणि कधी लागतच नाही

घरामागच्या परड्यात एखादी खोली असतेच. कुणी पोरांच्या अभ्यासासाठी बांधलेली, कुणी पाहुण्यांसाठी पत्रा घालून केलेली. तिथं सोलर बसवायचं म्हटलं की बेळगाव, खानापूर, निपाणीकडची माणसं पहिल्यांदा विचारतात, सबसिडी किती? पण आधी बघायला हवं ते हे की खोलीला वीज कुठल्या मीटरवरून येते, आणि सोलर नेमकं कशासाठी हवं आहे: बिल कमी करायला, की लाइट गेल्यावर उजेड राहावा म्हणून. अर्ज, पात्रता, कागद, अनुदान, सगळं या दोन उत्तरांवर ठरतं.

ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांना जोडलेलं साधं सोलर लाइट गेली की बंद पडतं. बाहेर ऊन रखरखत असलं तरी बंदच. खांबावर चढलेल्या लाइनमनला मागून करंट लागू नये म्हणून इन्व्हर्टरची रचनाच तशी केलेली असते. म्हणजे 'लाइट जाते म्हणून सोलर' असा हिशेब करून कोणी बॅटरीशिवायचं अनुदानाचं सोलर बसवलं, तर पहिल्याच वळवाच्या रात्री तो अंधारात बसणार. विकणारा हे आपणहून क्वचित सांगतो.

बॅटरीवालं छोटं सोलर: अर्ज नाही, अनुदानही नाही

एक पॅनेल, चार्ज कंट्रोलर (पॅनेलमधून बॅटरीत जाणारी वीज सांभाळणारं यंत्र), बॅटरी आणि खोलीतलं वायरिंग, ग्रिडशी काही संबंध नाही, अशा मांडणीला हेस्कॉमची, म्हणजे इथल्या वीज वितरण कंपनीची परवानगी लागत नाही. केंद्राचं अनुदानही या मांडणीला मिळत नाही, कारण 'पीएम सूर्यघर: मुफ्त बिजली योजना' ग्रिडला जोडलेल्या घरगुती सोलरसाठीच आहे. तेव्हा 'बॅटरी सेटवर सरकारी सबसिडी काढून देतो, फॉर्मचे पैसे द्या' असं सांगत कोणी दारात आला, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

आकार किती लागतो ते घरीच काढता येतं. 9 वॅटचे दोन एलईडी दिवे रोज पाच तास, 30 वॅटचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारा पंखा आठ तास, 60 वॅटचा लॅपटॉप चार तास धरा. 90, 240 आणि 240 मिळून 570 वॅट-अवर, म्हणजे अर्ध्या युनिटाहून थोडं जास्त. 335 वॅटचं एक पॅनेल स्वच्छ उन्हात, घट धरूनही, दिवसाला एक युनिटाच्या आसपास देतं. 12 व्होल्ट 100 अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी सव्वा युनिट साठवते. जुना 75 वॅटचा पंखा मात्र आठ तासांत एकटाच 600 वॅट-अवर खातो. म्हणून पॅनेल वाढवण्याआधी पंखा बदलणं स्वस्त पडतं. एवढ्या मोठ्या पॅनेलला 12 व्होल्टच्या बॅटरीसाठी एमपीपीटी कंट्रोलरच घ्या, तो पॅनेलची जास्त व्होल्टेजची वीज बॅटरीला साजेशी करून देतो. स्वस्तातला पीडब्ल्यूएम प्रकारचा कंट्रोलर लावला तर पॅनेलची निम्म्याहून जास्त ताकद वाया जाते. बेळगाव 16 अक्षांशाच्या जवळ आहे, त्यामुळे पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून 15-16 अंश कललेलं ठेवायचं. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला जुलैत आठवडा आठवडा सूर्य दिसत नाही. तिकडच्यांनी दुसरं पॅनेल धरूनच चालावं.

याच खोलीत घरच्या मीटरची लाइन आधीपासून असेल, तर दोन्हींच्या मध्ये चेंजओव्हर स्विच, म्हणजे एका वेळी एकच लाइन जोडणारं बटण पाहिजे. सोलर इन्व्हर्टरची आउटपुट पिन सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसायचा जुगाड काही ठिकाणी चालतो. तो लाइनमनच्या आणि तुमच्याही जिवावर उठेल.

अनुदानाचं सोलर: पात्र कोण?

घर अर्जदाराच्या मालकीचं, त्यावर सोलर बसेल असं छत, चालू घरगुती वीजजोडणी, आणि त्या घराने सोलर पॅनेलसाठी आधी दुसरं अनुदान घेतलेलं नसणं, एवढ्या मुख्य अटी. खोली घराच्या मीटरवर चालत असेल तर तिच्यासाठी वेगळा अर्ज लागत नाही. अर्ज घराच्या नावाने होतो, पॅनेल घराच्या स्लॅबवर बसतात आणि खोलीला त्याच मीटरमागची वीज मिळते. 1 किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट सावलीविना जागा लागते. कौलारू घर असेल तर त्याच आवारात उंच सांगाडा करून चालेल का, हे कोटेशन घेण्याआधी हेस्कॉमच्या सेक्शन ऑफिसात विचारून घ्यावं.

खोलीत दुकान, गिरणी काढली असेल आणि तिला व्यापारी दराचं वेगळं मीटर असेल, तर त्या मीटरला हे अनुदान नाही. केवळ अनुदानासाठी खोलीला नवं घरगुती मीटर घ्यायच्या फंदातही पडू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या 17 डिसेंबर 2024 च्या निकालापासून कर्नाटकात नव्या जोडणीपुढे ओसीचा, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्राचा प्रश्न उभा राहिला. लहान प्लॉटना पुढे सूट जाहीर झाली खरी, पण परड्यातल्या खोलीला बांधकाम परवानगीच किती जणांनी काढलेली असते?

रक्कम अशी: 1 किलोवॅटला 30,000 रुपये, 2 किलोवॅटला 60,000, आणि 3 किलोवॅट किंवा त्याहून कितीही मोठ्याला 78,000. पहिल्या दोन किलोवॅटना सरकारने धरलेल्या किमतीच्या 60 टक्के आणि तिसऱ्याला 40 टक्के असं ते गणित आहे. योजनेची मुदत 2026-27 या आर्थिक वर्षापर्यंत आहे.

आता आपल्या राज्यातली खास गोष्ट. राज्य सरकारच्या गृहज्योती योजनेमुळे ज्यांचं बिल शून्य येतं, त्यांचं सोलरमुळे महिन्याला वाचणार काय? फारसं काही नाही. एक किलोवॅट महिन्याला 120 युनिटांच्या आसपास देतं, आणि गृहज्योती तर सरासरी वापरावर काही युनिट वाढवून 200 युनिटांपर्यंत वीज फुकट देते. शिनोळी-चंदगडच्या पाहुण्यांनी सोलर बसवून बिल शून्यावर आणलं असेल, पण ते महावितरणचं बिल भरत होते. ज्यांचा वापर 200 च्या वर जातो, गीझर, एसी, मोटर आहे, त्यांना इथंही सोलर परवडतं. बाकीच्यांनी परड्यातल्या खोलीपुरता बॅटरी सेट घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

कागद: अडतं ते इथंच

यादी छोटी आहे. अलीकडचं लाइटबिल, आधार, आधारला जोडलेला मोबाइल, बँक पासबुक किंवा रद्द केलेला चेक, घराच्या मालकीचा कागद. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा ई-स्वत्तूचा नमुना 9 आणि 11, शहरात महापालिका-नगरपालिकेचा ई-खाता किंवा सिटी सर्व्हेचा सीटीएस उतारा. शेताची पहाणी म्हणजे जमिनीचा उतारा. तो घराचा कागद म्हणून पुढे करू नका.

खरी अडचण नावाची. आपल्याकडे निम्म्या घरांत मीटर अजून आजोबांच्या नावावर आहे, घर वडिलांच्या आणि बँक खातं मुलाच्या. पोर्टलवर अर्ज मीटरच्या नावानेच होतो आणि अनुदानही त्याच नावाच्या खात्यात जातं. त्यामुळे सोलरवाल्याला बोलावण्याआधी मीटर आपल्या नावावर करून घ्या. मूळ ग्राहक वारला असेल तर मृत्यूचा दाखला, नाडकचेरीतून काढलेली वंशावळ आणि बाकीच्या वारसांची नोटरी केलेली संमती लागते. भावाभावांत बोलणं बंद असेल तर ही संमती म्हणजे सगळ्या कामातला सर्वांत अवघड कागद, आणि त्यावर पोर्टलचा काही इलाज नाही.

दुसरी भानगड अक्षरांची. लाइटबिलावर नाव कानडी वळणाने, आधारवर मराठी वळणाने, पॅनवर तिसरंच इंग्रजी स्पेलिंग. कुणाचं आधार कोल्हापूरकडे नोकरीला असताना काढलेलं, त्यावरचा पत्ताही तिकडचाच. बिल, आधार आणि बँक, तिन्हींवरचं स्पेलिंग एकसारखं करून मगच अर्ज भरा. बिलावरचा आरआर नंबर आणि अकाउंट आयडी हे वेगवेगळे आकडे आहेत. पोर्टल जो मागेल तो बिलावर बघून जसाच्या तसा टाका.

अर्ज कसा जातो

अर्ज पीएम सूर्यघरच्या राष्ट्रीय पोर्टलवर होतो आणि तिथं नोंदणीला पैसे पडत नाहीत. राज्य कर्नाटक, वितरण कंपनी हेस्कॉम, मग ग्राहक क्रमांक आणि मोबाइलवर येणारा ओटीपी. हुक्केरी तालुक्यातल्यांनी इथं थांबून बिल बघावं: संकेश्वर-हुक्केरीकडे वीज देते ती ग्रामीण विद्युत सहकारी संस्था, त्यामुळे बिलावर जे नाव आहे तेच निवडायचं. स्वतःला जमत नसेल तर गावातल्या ग्राम वन केंद्रात विचारा, पण ओटीपी आपल्याच मोबाइलवर ठेवा.

10 किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला आता वेगळी तांत्रिक तपासणी लागत नाही. 2024 च्या नियमबदलानंतर तो मंजूर झाल्यातच जमा असतो, आणि मीटरचा मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती वीज घ्यायची त्याची मर्यादा, कमी पडला तर तो वाढवून घेण्याचं काम वितरण कंपनीचं आहे. त्यानंतर विक्रेता निवडायचा तो पोर्टलच्या यादीतूनच. कोल्हापूर-गडहिंग्लजचा ओळखीचा सोलरवाला स्वस्तात करून देतो म्हणाला, तरी आपल्या वितरण कंपनीच्या यादीत त्याचं नाव आहे का ते बघा. यादीबाहेरच्याकडून बसवलं की अनुदान गेलं. पॅनेल देशात बनवलेल्या सेलचेच, म्हणजे डीसीआर हवेत, हे कोटेशनवर लिहून घ्या. पाच वर्षांची देखभाल विक्रेत्याने करायची असते, तेही लिहून घ्या. नेट मीटरची (घेतलेली आणि ग्रिडला दिलेली, दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरची) किंमत आणि त्याच्या चाचणीचं शुल्क कोटेशनमध्ये धरलं आहे की वर पडणार, हाही प्रश्न तेव्हाच विचारायचा.

पैशाची जुळणी नसेल तर 3 किलोवॅटपर्यंत 2 लाख रुपयांचं कर्ज जनसमर्थ पोर्टलवरून विनातारण मिळतं. व्याज रिझर्व्ह बँकेच्या रेपो दरापेक्षा अर्धा टक्का जास्त, म्हणजे सोलरवाल्याच्या ओळखीच्या फायनान्सपेक्षा बरंच कमी.

पॅनेल बसल्यावर विक्रेता त्यांचे सिरियल नंबर आणि ठिकाणाची नोंद असलेले फोटो पोर्टलवर चढवतो, आणि नेट मीटरसाठी हेस्कॉमकडे कागद जातात. यात ग्राहकाने सही करायचा करारही असतो. मजकूर कानडीत किंवा इंग्रजीत येतो, आणि बरेच जण बोट दाखवतील तिथं सही करून मोकळे होतात. वाचता येणाऱ्या पोराला बसवून एकदा पूर्ण वाचून घ्या, विशेषतः जादा झालेल्या युनिटांचा दर कोणता लागणार ते कलम. हा दर कर्नाटक वीज नियामक आयोग ठरवतो. सही झाली की हेस्कॉमची माणसं येऊन अर्थिंग, इन्व्हर्टर आणि मीटर तपासतात. हे काम 15 दिवसांत व्हावं असा नियम आहे. त्याहून लांबलं तर सेक्शन ऑफिसात अर्ज क्रमांकासह लेखी द्या आणि पोच घ्या, तोंडी विचारून उपयोग नाही. फोनवर तक्रार 1912 वर नोंदवता येते.

तपासणीचा अहवाल पोर्टलवर दिसला की बँकेचा तपशील आणि रद्द केलेला चेक टाकायचा. अनुदान साधारण 30 दिवसांत थेट ग्राहकाच्या खात्यात येतं, विक्रेत्याच्या नाही. 'सबसिडी वजा करून उरलेले द्या' असं म्हणणाऱ्या विक्रेत्याशी व्यवहार लेखी नसेल तर करू नये. रक्कम आली नाही तर आधी खातं चालू आहे का आणि आधारशी जोडलेलं आहे का ते बँकेत बघा. सोसायटीतलं जुनं, वर्षानुवर्षं न वापरलेलं खातं दिलं असेल तर ते पोर्टलवर बदलून घ्यावं लागतं.