लहान मुलांची रात्रीची झोपमोड

एक ते तीन वर्षांचे मूल, जे कित्येक महिने रात्रभर शांत झोपत होते, ते अचानक मध्यरात्री उठून बसू लागते, रडते, आईला घट्ट बिलगते आणि परत झोपायला अर्धा-पाऊण तास घेते. एकदा सुरू झाले की हे रोजचेच होऊन बसते. घरातल्यांना वाटते, मूल बिघडले किंवा त्याला काहीतरी झाले. बहुतेक वेळा यांपैकी काही नसते. वाढीच्या ओघात येणारा हा टप्पा असतो आणि नीट हाताळला तर काही आठवड्यांत ओसरतो. थोड्या मुलांमध्ये मात्र त्यामागे शारीरिक कारण दडलेले असते आणि ते शोधावेच लागते.

मोठ्या माणसांप्रमाणे लहान मूलही दर रात्री अनेकदा जागे होते. झोप आवर्तनांत येते. या वयात एक आवर्तन साधारण तासाभराचे असते, शाळकरी वयापर्यंत ते नव्वद मिनिटांच्या आसपास जाते. दोन आवर्तनांच्या सांध्यावर मूल कूस बदलते, डोळे किलकिले करते आणि भोवती सगळे ठीक वाटले की परत झोपते. मांडीवर थोपटता थोपटता झोपलेल्या आणि मग अलगद गादीवर ठेवलेल्या मुलाला रात्री दोन वाजता मांडी सापडत नाही, तेव्हा ते मांडी मागते. बाटली तोंडात असताना झोपलेले मूल बाटली मागते. झोप लागताना जे जवळ होते, तेच प्रत्येक सांध्यावर हवे असते. रात्रीच्या रडण्याचा बराचसा उलगडा एवढ्यात होतो.

इतके दिवस न मागणारे मूल आताच का मागू लागले, याची कारणे त्या वयातच असतात. आई नजरेआड गेली तरी ती कुठेतरी आहे, हे मुलाला पहिल्या वाढदिवसाच्या आधीच उमगू लागते आणि त्यासोबत ती दूर जाण्याची धास्तीही येते. आठव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत ही धास्ती जोरात असते. दीड वर्षाच्या आगेमागे दिवसाच्या दोन झोपांची एक होते आणि मधले काही आठवडे मूल संध्याकाळी इतके थकते की रात्रीची झोपही विस्कटते. पहिल्या दाढा साधारण १३ ते १९ महिन्यांत, सुळे १६ ते २३ महिन्यांत आणि मागच्या दाढा २३ ते ३३ महिन्यांत येतात. नवे भावंड, नवे घर, पाळणाघराचा पहिला आठवडा, आजीचे गावी परत जाणे, हे सगळे मूल दिवसा पचवते असे वाटते आणि रात्री ते बाहेर पडते. दोन वर्षांनंतर कल्पनाशक्ती जागी होते आणि अंधाराची भीती वाटू लागते. या वयात ‘झोप, नाहीतर बागुलबुवा येईल’ असे म्हणणे फार महागात पडते. मोठ्यांना ती गंमत वाटते, पण मुलाच्या लेखी बागुलबुवा खराच असतो आणि तो दिवा मालवल्यावरच येतो.

रात्रीचे भय आणि वाईट स्वप्न यांत फरक करता यायला हवा. रात्रीचे भय झोपेच्या पहिल्या तृतीयांशात, गाढ झोपेत येते. मूल किंचाळून उठते, डोळे सताड उघडे, अंग घामाने भिजलेले, छाती धडधडत असते. आई समोर असूनही ते तिला ओळखत नाही, उलट ढकलून देते. पाहणाऱ्याचा जीव घाबराघुबरा होतो, पण मूल मुळात जागेच नसते आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. त्याला हलवून उठवू नये, तोंडावर पाणी मारू नये. पडू-लागू नये एवढे पाहत शेजारी बसावे, काही मिनिटांत ते आपोआप शांत होते. वाईट स्वप्न पहाटेच्या बाजूला पडते. तेव्हा मूल पूर्ण जागे असते, आईला शोधते आणि त्याला जवळ घ्यावेच लागते. घरात अशा वेळी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढतात. त्याने मुलाचे काही बिघडत नाही आणि आजीच्या मनाला धीर येतो, पण तेवढ्यावर थांबून दुखरा कान पाहायचा राहू नये.

शारीरिक कारणांत कानाचा संसर्ग पहिला. सर्दीनंतर दोन-चार दिवसांनी मूल आडवे केले की रडते आणि उभे धरले की थांबते, तर कान तपासून घ्यावा. दुसरे कारण जंत. सुतासारखे बारीक पांढरे जंत रात्री गुदद्वाराशी येऊन अंडी घालतात. तिथे खाज सुटते, मूल झोपेत तळमळते, पाय घासते आणि रडत उठते. झोप लागल्यावर दोन-तीन तासांनी बॅटरीच्या उजेडात ती जागा पाहिली तर सेंटीमीटरभर लांबीचे वळवळते धागे दिसू शकतात. राष्ट्रीय जंतनाशक दिनाला, म्हणजे फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये, अंगणवाडीत अल्बेंडाझोल मिळते. एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी गोळी, त्यापुढे पूर्ण. या जंतांवर एका मात्रेने भागत नाही. डॉक्टरांना विचारून दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा, घरातल्या सर्वांना एकाच वेळी औषध, कापलेली नखे आणि गरम पाण्यात धुतलेल्या चादरी, असे सगळे केले तरच ते जातात.

तिसऱ्या कारणाकडे, लोहाच्या कमतरतेकडे, आपल्याकडे फारच कमी लक्ष जाते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. रक्तक्षयाची कारणे अनेक असली तरी लोहाची कमतरता त्यांत मोठी आहे, आणि लोह कमी असलेल्या मुलाची झोप अस्वस्थ असते. ‘पोळी खात नाही, पण दूध मात्र भरपूर पितो’ असे आया कौतुकाने सांगतात, तेव्हा बालरोगतज्ज्ञाच्या मनात पहिली शंका हीच येते. दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त दूध पोट भरते, लोह देत नाही.

हाताळणीचा गाभा साधा आहे, पण तो पाळायला चिकाटी लागते. झोपायची वेळ रोज तीच ठेवावी. जेवण, कोमट पाण्याने हातपाय धुणे, कपडे बदलणे, मंद दिवा, एक अंगाई, हा क्रम बदलू नये. मूल पेंगुळले पण पुरते झोपलेले नाही, अशा वेळी त्याला गादीवर टेकवावे. रात्री उठले तर दिवा लावू नये, खेळणे देऊ नये, मोबाइल तर नाहीच. हळू आवाजात तेच ते दोन शब्द बोलावे, पाठीवर हात ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप हवी. बाबा रात्री साडेनऊला घरी येतात म्हणून मुलाला दहापर्यंत जागवणाऱ्या शहरी घरांत ही बेरीज अनेकदा जमत नाही. अतिथकलेले मूल जास्त वेळा उठते. बाबांची भेट सकाळी ठेवणे मुलाच्या सोयीचे.

आजारपणात किंवा दाढा येताना मुलाला जवळ घेणे योग्यच आहे. अडचण नंतर येते. ताप उतरतो आणि रात्री दोनची बाटली मात्र सुरूच राहते. एक रात्र आई देत नाही, दुसऱ्या रात्री आजीला राहवत नाही, आणि मूल शिकते की पुरेसे रडले की मिळते. म्हणून काय करायचे हे घरातल्या सगळ्यांनी मिळून दिवसाउजेडी ठरवावे.

अमेरिकेत १९८५ पासून रिचर्ड फर्बर या बालरोगतज्ज्ञाची पद्धत गाजली. मुलाला त्याच्या खोलीत झोपवून, रडल्यावर ठरावीक आणि हळूहळू वाढत्या अंतराने जाऊन धीर द्यायचा. ऑस्ट्रेलियात तान्हेपणी अशा पद्धती वापरलेल्या मुलांची सहा वर्षांच्या वयात पाहणी झाली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत मुलांच्या मनावर दुष्परिणाम दिसला नाही, तसाच टिकाऊ फायदाही दिसला नाही. आपल्याकडे मूल आईवडिलांच्या कुशीत झोपते, अनेक घरांत वेगळी खोलीच नसते, आणि त्यात उणे असे काही नाही. कुशीतल्या मुलाला हळूहळू सुटे करता येते. आधी मांडीऐवजी शेजारी पडून थोपटणे, मग नुसता हात ठेवणे, मग नुसते जवळ असणे. परदेशातील मराठी पालकांनीही डॉक्टरांनी सुचवलेली वेगळी खोली आणि आईने फोनवर सांगितलेली कूस यांपैकी जे रोज निभावता येईल ते निवडावे. धरसोड सर्वांत वाईट.

झोपेसाठी औषध देण्याचा मोह जुना आहे. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या आया मुलांना अफूच्या ‘बाळगोळ्या’ देत, हे १९२० च्या दशकातील पाहण्यांतून पुढे आले. दुसरा इलाज नसलेल्या बायकांचा तो नाइलाज होता. आज तीच जागा सर्दीच्या सिरपने घेतली आहे. त्याने गुंगी येते म्हणून ते रात्री पाजणे धोक्याचे आहे. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना वेष्टनावर छापण्यास केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये सांगितले. सहाणेवर उगाळलेला जायफळाचा एखादा वेढा वेगळा आणि झोप येत नाही म्हणून चमचाभर पूड वेगळी. जास्त जायफळ विषारी ठरते.

रोज घोरणे, झोपेत श्वास अडखळणे, हातापायांना झटके, वजन न वाढणे, ताप, कानातून स्राव, किंवा महिना-दीड महिना होऊनही फरक न पडणे, यांपैकी काही दिसले तर बालरोगतज्ज्ञांकडे जावे. जाताना आठवडाभराची नोंद सोबत न्यावी: कधी झोपले, कधी उठले, काय केल्यावर परत झोपले. आई स्वतः रडवेली, चिडचिडी झाली असेल, दिवसाही तिला झोप लागत नसेल, तर तेही त्याच भेटीत सांगावे. आणि आठवड्यातल्या काही रात्री पूर्णपणे बाबांच्या असाव्यात. पहिल्या एक-दोन रात्री मूल आईसाठी जास्त रडेल, तरी आईने दुसऱ्या खोलीत जाऊन झोपावे.