श्वानदृष्टीचा कौटुंबिक चित्रपट

घरातल्या माणसांची गोष्ट पाळीव कुत्र्याला जेवढी दिसते, ऐकू येते आणि वासावरून समजते, तेवढीच सांगणारा चित्रपट. कुत्रा कधी निवेदक असतो, कधी नुसता साक्षीदार. दोन्ही प्रकारांत प्रेक्षकाला त्याला सोडून पुढे जाता येत नाही.

कुत्रा असलेला प्रत्येक चित्रपट या प्रकारात मोडत नाही. ‘रेस्क्यूड बाय रोव्हर’ या १९०५ सालच्या ब्रिटिश मूकपटात पळवलेले बाळ कुत्रा शोधून काढतो, पण आपण त्याच्याकडे बाहेरूनच पाहतो. ‘हम आपके हैं कौन..!’मध्ये (१९९४) टफी चिठ्ठी प्रेमऐवजी राजेशकडे नेतो आणि सगळा गुंता सोडवतो. तरी ती गोष्ट टफीची नाही. कुत्र्याच्याच तोंडून सांगितलेली कथा ‘अ डॉग्ज पर्पज’ (२०१७) आणि ‘द आर्ट ऑफ रेसिंग इन द रेन’ (२०१९) या अमेरिकी चित्रपटांत आढळते. मराठी प्रेक्षकाच्या मनातला कुत्रा आधीच ठरलेला असतो: खंडोबाबरोबरचा, दत्ताच्या पायाशी बसलेला, धर्मराजामागून हिमालय चढणारा. त्यामुळे पटकथा लिहिणाऱ्याचा हात सारखा इमानदारीच्या प्रसंगांकडे वळतो. या प्रकारात इमान फारसे उपयोगी पडत नाही. उपयोगी पडते ते कुत्र्याचे अज्ञान.

कुत्र्याला काय कळते

बरेच काही कुत्र्याला माणसांच्या आधी कळते, पण त्याचा अर्थ कळत नाही. सगळे नाट्य या फटीत असते. समजा, ठाण्याच्या नौपाड्यातली जुनी इमारत पुनर्विकासाला गेली आहे, कुटुंब घोडबंदर रोडवर भाड्याच्या फ्लॅटमध्ये आले आहे आणि नव्या जागेच्या हिश्श्यावरून दोन भावांत बिनसले आहे. कुत्र्याला हिस्सा कळत नाही. त्याला एवढेच कळते की काकाच्या चपला दाराशी दिसेनाशा झाल्या, आजीची डांबरगोळ्यांच्या वासाची ट्रंक उघडीच पडून आहे आणि बाबा फोनवर बोलताना गॅलरीचे दार ओढून घेतो. उरलेले प्रेक्षक अर्धवट ऐकलेल्या वाक्यांवरून जोडतो. निवेदक कमी जाणतो आणि प्रेक्षक जास्त, हा फरक शेवटपर्यंत टिकवावा लागतो.

यातूनच मुख्य नियम येतो: कुत्रा हजर नाही असा प्रसंग नाही. रुग्णालय, न्यायालय, नोंदणी कार्यालय, मुलांची शाळा हे सगळे बाद. रुग्णालय घरी येते ते कपड्यांना लागलेल्या डेटॉलच्या वासाने आणि माणसाच्या बदललेल्या चालीने. बंद दाराआडचे भांडण दाराखालच्या फटीतून दाखवायचे: सावल्या, पावले, आवाज. बहुतेक पटकथा मध्यंतरानंतर इथेच फसतात. महत्त्वाची माहिती द्यायची राहून गेलेली असते, मग एखादे पात्र कुत्र्याला कुरवाळत पाच मिनिटे मन मोकळे करते. असा प्रसंग एकदा चालतो. तिसऱ्यांदा आला की चित्रपटाची श्रुतिका होते.

काळ दाखवतानाही हीच अडचण. ‘तीन महिन्यांनंतर’ अशी पाटी कुत्रा देऊ शकत नाही. दुधाची पिशवी, कचरा न्यायला येणारा माणूस, सकाळ-संध्याकाळचे फिरणे यांच्या बदलत्या क्रमातून काळ सरकतो. सर्वांत कामाचे साधन म्हणजे पट्टा कोणाच्या हातात आहे. आधी धाकटी मुलगी, मग चिडचिडत आई, मग पैसे देऊन ठेवलेला मुलगा, शेवटी निवृत्त झालेले आजोबा: दहा-दहा सेकंदांच्या चार शॉटमध्ये घरातली उलथापालथ समजते आणि एकही संवाद लागत नाही.

निवेदन ठेवायचे असेल तर त्याची भाषा घरात ऐकलेलीच असावी. एकाच बाईला कोणी आई, कोणी वहिनी, कोणी सूनबाई म्हणते आणि तिचा नवरा नुसतेच ‘अगं’ म्हणतो. कुत्र्याने यातले एक नाव धरून ठेवावे. ते कोणते, यावरून तो घरात कोणाचा हे समजते. संगणकावर कुत्र्याचे ओठ हलवण्याचा मोह टाळलेला बरा. विनोदी चित्रपटात ते खपते, कौटुंबिक प्रसंगात हसू येते.

नजर आणि कॅमेरा

कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी दोन प्रकारच्या असतात, माणसाच्या डोळ्यात तीन. निळा आणि पिवळा त्याला वेगळे दिसतात. लाल आणि हिरवा मात्र पिवळट-तपकिरी छटांत मिसळतात. माणसाला ७५ फुटांवरून स्पष्ट दिसणारी वस्तू त्याला साधारण २० फुटांवरून तशी दिसते. त्याच्या नजरेचा आवाका मात्र सुमारे २४० अंश असतो, माणसाचा सुमारे १८०. हे सगळे पडद्यावर जसेच्या तसे उतरवायला गेले की प्रेक्षकाचे डोके दुखते. निळी-पिवळी छटा दोन-तीन ठिकाणी, काही सेकंदांपुरती वापरावी. बाकी काम कला विभागाने करावे: घरातले लाल-हिरवे कमी करून चादर, बादली, शाळेचे दप्तर, पाण्याचे भांडे निळ्या-पिवळ्यात ठेवावे. सेटवर याचा एक रोकडा उपयोगही आहे. हिरवळीवर लाल चेंडू टाकला तर कुत्रा तो डोळ्यांनी नव्हे, नाकाने शोधतो आणि टेक लांबत जातो. निळा चेंडू तो लगेच उचलतो.

उभ्या लॅब्राडॉरचे डोळे जमिनीपासून साधारण ६० सेंटिमीटरवर असतात, घरोघरी ‘पॉम’ म्हटल्या जाणाऱ्या स्पिट्झचे ३५ ते ४० सेंटिमीटरवर. जेवणाच्या टेबलाची उंची ७५ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे पंगतीचा प्रसंग टेबलाखालूनच दिसणार: एकमेकांपासून दूर घेतलेले पाय, मांडीवर आवळलेली मूठ, पोळीचा तुकडा खाली सोडणारा आजोबांचा हात. नेहमीचा ट्रायपॉड इतका खाली येत नाही. स्थिर शॉटला बुटका स्टँड किंवा तांदळाची पिशवी, चालत्या शॉटला उलटा धरलेला जिंबल (कॅमेरा हलू न देणारी मूठ) आणि १८ ते २४ मिलिमीटरची लेन्स वापरतात.

कॅमेरा खाली गेला की छत चौकटीत येते, आणि फ्लॅटमधल्या चित्रीकरणाची खरी कटकट इथे सुरू होते. वर दिवे टांगता येत नाहीत, पंखा आणि ट्यूबलाइट दिसतात, उभ्या माणसाच्या चेहऱ्याऐवजी नाकपुड्या दिसतात. म्हणून प्रकाश खिडकीतून आणि घरातल्याच टेबल-लॅम्पमधून द्यावा लागतो. भावनेचा प्रसंग असेल तर नटाला खाली आणावे: मोरीपाशी बसून भांडी घासताना, देवासमोर, बुटाची नाडी बांधताना. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे; सेकंदाला २४ चौकटींनी चित्रीकरण करताना शटर (प्रत्येक चौकटीला प्रकाश किती वेळ मिळतो ते ठरवणारी झडप) १७२.८ अंशांवर ठेवले नाही तर घरगुती एलईडी दिवे पडद्यावर फडफडू शकतात.

आवाज

माणसाला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५,०००पर्यंतचे. पडद्यावर याचा अर्थ इतकाच की आवाज चित्राच्या आधी यावा. लिफ्ट खालच्या मजल्यावर थांबते, जाळीचा दरवाजा सरकतो, कुत्र्याचे कान उभे राहतात. बेल बरीच नंतर वाजते. माणसांचे संवाद काही ठिकाणी मुद्दाम पुसट ठेवून त्यातले कुत्र्याच्या ओळखीचे शब्द तेवढे वर काढतात: त्याचे नाव, ‘चल’, ‘खाऊ’.

प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणात कुत्रा स्वतःच अडथळा असतो. फरशीवर नखे वाजतात, पट्ट्याचा बिल्ला किणकिणतो, शेपटी सोफ्यावर आपटते. बिल्ला काढून ठेवावा आणि चौकटीबाहेरच्या फरशीवर चटया टाकाव्यात. लागतील ते आवाज नंतर वेगळे भरता येतात. सगळ्यात त्रासदायक म्हणजे धापा. टेकसाठी एसी बंद केला की ठाण्याच्या दमट हवेत कुत्रा काही मिनिटांत जीभ बाहेर काढतो आणि हळू बोललेला संवाद वाया जातो. खोली आधीच अर्धा तास गार करावी, एसी टेकपुरता बंद करावा आणि प्रत्येक टेकनंतर परत लावावा.

कुत्र्याकडून काम

एका भूमिकेसाठी दोन-तीन सारखे दिसणारे कुत्रे लागतात: एक शांत, एक धावपळीसाठी. पिल्लाचे प्रसंग आठ-दहा दिवसांत उरकावे लागतात; तीन महिन्यांचे पिल्लू महिन्याभरात ओळखू येत नाही. लसीकरण पुरे होईपर्यंत, म्हणजे साधारण १६ आठवड्यांचे होईपर्यंत, त्याला रस्त्यावर किंवा बागेत उतरवू नये. म्हातारपण दाखवायला तोंडावरचे केस पांढरे करतात. कुत्रा ते चाटणारच, त्यामुळे माणसांचा मेकअप चालत नाही. खरा वयस्क कुत्रा मिळाला तर उत्तम.

बक्षिसाचा तुकडा वाटाण्याएवढा असावा, उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा. सकाळचे जेवण कमी द्यावे, पण उपाशी ठेवू नये. पोट भरले की कुत्रा बसल्या जागी झोपतो. एका सलग कामाला १५ ते २० मिनिटांची मर्यादा धरून मग विश्रांती द्यावी. नजर हवी तिकडे वळावी म्हणून प्रशिक्षक लेन्सच्या अगदी कडेला तुकडा धरून बसतो. कुत्रा लेन्सकडेच बघू लागला तर समजावे की कॅमेऱ्यामागून कोणीतरी चोरून बिस्कीट दिले आहे. खाऊ देण्याचा अधिकार एकाच माणसाला, हा नियम पहिल्या दिवशीच सगळ्या युनिटला सांगावा. तसेच नावाचे: दिवसभर चाळीस जण हाका मारत राहिले तर चौथ्या दिवशी तो नावाला वळून बघत नाही.

मराठी घरांत एक गंमत असते. कुत्र्याशी गप्पा मराठीत, हुकूम मात्र ‘सिट’, ‘नो’, ‘शेकहँड’. प्रशिक्षकही तेच शिकवतो. त्यामुळे पडद्यावरची आजी ‘बस रे बाळा’ म्हणते तेव्हा कुत्रा ढिम्म उभा राहतो. अशा वेळी तिच्या मागून प्रशिक्षकाने हाताची खूण करायची, किंवा मराठी हुकूम तीन-चार आठवडे आधीपासून पक्के करून घ्यायचे. त्याच काळात नटांनी कुत्र्याला रोज फिरवावे, जेवायला घालावे. ओळख नसलेला कुत्रा नटाकडे धावत येतो तो त्याच्या खिशाकडे बघत, आणि ते मोठ्या पडद्यावर लपत नाही.

ठाणे आणि नवी मुंबईत चित्रीकरण

जागेची निवड कथेच्या नियमावर ठरते. बेलापूरच्या सेक्टर आठमधले आर्टिस्ट्स व्हिलेज, चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी रचलेली वसाहत, या कामाला सोयीची. बैठी घरे सामाईक अंगणांभोवती असल्याने कुत्रा स्वतःहून आत-बाहेर जाऊ शकतो आणि शेजारही कथेत येतो. टॉवरमध्ये त्याला प्रत्येक वेळी कोणीतरी न्यावे लागते; एकटेपणाची गोष्ट असेल तर तेच कामाचे. लिफ्टवरून सोसायटीत वाद हा इथला घरगुती विषय आहे. पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही आणि लिफ्ट नाकारता येत नाही, असे प्राणी कल्याण मंडळाचे मार्गदर्शन आहे. वाद मिटत नाहीत तो भाग वेगळा.

ठाण्यात तलावाकाठच्या तलावपाळीला सकाळी सहाच्या आधी पोचावे, नंतर चालणाऱ्यांची गर्दी आवरत नाही. येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येते आणि तिथे बिबट्यांचा वावर आहे. कुत्रा घेऊन तिथे जाऊच नये. डोंगर हवा असेल तर उपवन तलावाच्या काठावरून तो मागे दिसतो. वाशीचा सागर विहार ओहोटीला चिखलाचा होतो, पाय धुवायला पाणी बरोबर न्यावे. नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळीवर फ्लेमिंगो उतरलेले असतील तेव्हा कुत्रा मोकळा सोडू नये.

गल्लीतले कुत्रे हद्द सांभाळतात आणि चित्रपटातला कुत्रा उतरला की भुंकायला लागतात. त्यांना रोज खाऊ घालणारे कोणी असेल तर त्यांनाच विनंती करून, चित्रीकरणाच्या वेळी दुसऱ्या टोकाला जेवण घालावे. एप्रिल-मेमध्ये डांबरावर तळहात पाच-सात सेकंद टेकवता आला नाही तर कुत्र्याला उतरवू नये. पावसाळ्यात भिजलेला कुत्रा वाळवायला अर्धा तास जातो, शिवाय गोचीड आणि लेप्टोस्पायरोसिसची लस यांकडे लक्ष ठेवावे लागते. गणपतीचे ढोल आणि दिवाळीचे फटाके कथेत कितीही हवे असले तरी कुत्र्यापाशी वाजवायचे नाहीत. आवाज नंतर मिसळायचा, घाबरलेपण संकलनात घडवायचे.

कागदपत्रे

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० खालच्या, खेळ किंवा चित्रपटात काम करणाऱ्या प्राण्यांच्या (परफॉर्मिंग ॲनिमल्स) नोंदणीच्या २००१च्या नियमांनुसार चित्रीकरणापूर्वी भारतीय प्राणी कल्याण मंडळाला कळवून परवानगी घ्यावी लागते. प्राण्याचे वय, प्रकृती, त्याच्याकडून काय करून घेणार, किती वेळ, प्रशिक्षण कसे दिले, हे सगळे लिहून द्यायचे, सोबत पशुवैद्याचे प्रकृती प्रमाणपत्र. नियमांत कृत्रिम प्रकाशाची मर्यादा ५०० लक्स आहे. आजच्या कॅमेऱ्यांना तेवढा पुरतो. गुंगीचे औषध, आजारी किंवा गाभण प्राण्याकडून काम, मुद्दाम केलेला मोठा आवाज, आगीजवळ नेणे या सर्वांना मनाई आहे. पालिकेचा कुत्रा पाळण्याचा परवाना आणि रेबीजच्या लसीची नोंद सेटवर ठेवावी.

अर्जात लिहिलेले आणि पडद्यावर दिसणारे जुळले पाहिजे. ऐन वेळी सुचलेला पोहण्याचा किंवा उडीचा शॉट घेतला तर तो शेवटच्या ना हरकत प्रमाणपत्राला अडतो, आणि त्या प्रमाणपत्राशिवाय केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाकडे चित्रपट पुढे सरकत नाही. शंका असलेले सगळे प्रसंग पहिल्याच अर्जात घालावेत. न वापरलेल्या परवानगीने काही बिघडत नाही.